लग्नानंतर परदेशात पासपोर्ट रिन्यू करताना नाव बदलायचंय? आधी मशीन तुमचं नाव कसं वाचतं ते समजून घ्या



लग्न भारतात झालं, नवऱ्यामागोमाग परदेशात आलो, संसार मांडला आणि बघता बघता माहेरच्या नावाने काढलेल्या पासपोर्टची मुदत संपत आली. अशा वेळी बहुतेक मुलींना एकच प्रश्न पडतो: रिन्यू करतेच आहे, तर सासरचं आडनाव आत्ताच लावून टाकू का?

आजच्या लेखात आपण याच प्रश्नाचं उत्तर शोधणार आहोत. मी अमेरिकेत, न्यू जर्सीत राहते आणि रिन्यूअल व नावबदल असं दोन्ही एकाच अर्जात केलं आहे. त्यामुळे व्हिसा वगैरेची उदाहरणं अमेरिकेतली येतील. पण पासपोर्ट भारतीयच असल्याने पासपोर्टचा भाग लंडन, दुबई किंवा सिडनीत राहणाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

फॉर्म भरायला तसा फार वेळ लागत नाही. पण त्यात टाईप केलेलं नाव पुढची १० वर्षं व्हिसा, विमानाचं तिकीट, बँक, लायसन्स अशा सगळीकडे कॉपी होत जातं. आणि पासपोर्टवरचे महत्त्वाचे आकडे चुकले तर मशीनला लगेच कळतं, नाव चुकलं तर कळत नाही. असं का, ते आधी पाहू.

पासपोर्टच्या तळाच्या दोन ओळी काय सांगतात?

फोटोच्या पानावर खाली अक्षरं, आकडे आणि कोनासारख्या चिन्हांच्या दोन लांबलचक ओळी असतात. याला मशीनने वाचायचा भाग म्हणतात. तो कसा असावा हे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, ठरवते. या नियमपुस्तकाचा क्रमांक ९३०३ आहे. म्हणूनच भारतातला पासपोर्ट न्यूयॉर्कच्या मशीनलाही वाचता येतो. २४ नोव्हेंबर २०१५ नंतर मशीनला न वाचता येणारे जुने पासपोर्ट आंतरराष्ट्रीय प्रवासातून बाद झाले.

प्रत्येक ओळीत बरोबर ४४ जागा असतात. पहिल्या ओळीतल्या पहिल्या ५ जागा कागदाचा प्रकार आणि देशाचा कोड यासाठी जातात. उरलेल्या ३९ जागा नावासाठी. आधी आडनाव, मग कोनाची दोन चिन्हं, मग बाकीचं नाव. दोन शब्दांमध्ये जिथे रिकामी जागा हवी तिथे कोनाचं एक चिन्ह. नावासाठी फक्त इंग्रजी मोठी अक्षरं चालतात.

दुसऱ्या ओळीत पासपोर्ट क्रमांक, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, लिंग आणि मुदत संपण्याची तारीख असते. इथे एक छान युक्ती वापरलेली आहे. पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत या प्रत्येकानंतर एक तपासणी अंक असतो.

समजा जन्मतारीख १५ ऑगस्ट १९९२ आहे. ती ९२०८१५ अशी लिहितात. या अंकांना क्रमाने ७, ३, १, ७, ३, १ ने गुणायचं:

९×७ = ६३, २×३ = ६, ०×१ = ०, ८×७ = ५६, १×३ = ३, ५×१ = ५

बेरीज झाली १३३. तिला १० ने भागल्यावर बाकी ३ उरते. हाच तपासणी अंक. आता कुणी चुकून १५ च्या जागी ५१ टाकलं तर बेरीज १४१ होते आणि बाकी १. अंक जुळला नाही की मशीन लगेच सांगतं, काहीतरी गडबड आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. नावाला असा तपासणी अंकच नाही. ओळीच्या शेवटी जो एकत्रित तपासणी अंक असतो, तोही फक्त दुसऱ्या ओळीतल्या माहितीवरून काढलेला असतो. म्हणजे आडनावात एक अक्षर कमी-जास्त झालं तरी मशीनच्या दृष्टीने सगळं ठीकच असतं. ते चुकीचं नाव व्यवस्थित वाचतं आणि पुढच्या प्रत्येक यंत्रणेला देतं.

नुसतं नाव बदलायला नवी पुस्तिका कशाला?

मलाही आधी वाटलं होतं की आहे त्याच पासपोर्टवर शिक्का मारून भागेल. पण तळाच्या ओळी शिक्क्याने बदलत नाहीत. भारतात आता ई-पासपोर्ट सुरू झाले आहेत. त्यात मुखपृष्ठावर चिपचं छोटं चिन्ह असतं आणि चिपमध्ये याच दोन ओळी व तुमचा फोटो साठवलेला असतो. त्या माहितीवर देशाची डिजिटल सही असते. नंतर एक अक्षर जरी बदललं तरी सही जुळत नाही आणि पासपोर्ट संशयास्पद ठरतो.

म्हणून नाव बदलायचं म्हणजे नवी पुस्तिका आणि नवा पासपोर्ट क्रमांक. सरकारी भाषेत याला रीइश्यू म्हणतात. मुदत संपत आली म्हणून नवा घेणं हाही रीइश्यूच, त्यामुळे दोन्ही कामं एकाच अर्जात होतात.

मधल्या नावाचं काय करायचं?

आपल्या मराठी पद्धतीत नावाचे तीन भाग असतात: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. लग्नानंतर शेवटचे दोन्ही बदलतात. पण पासपोर्टमध्ये रकाने दोनच आहेत: आडनाव आणि दिलेलं नाव. मधल्या नावाला वेगळा रकाना नाही. ते लिहायचं असेल तर स्वतःच्या नावाबरोबर ‘दिलेलं नाव’ या रकान्यातच जातं.

समजा माहेरचं नाव सायली विजय पाटील आहे आणि नवऱ्याचं नाव अमित कुलकर्णी. मग सायलीपुढे हे पर्याय आहेत:

१. नाव तेच ठेवायचं, फक्त जोडीदाराचं नाव नोंदवायचं. सध्या बहुतेकांकडे असलेल्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर आई-वडिलांच्या नावाखाली जोडीदाराचं नाव असतं. ते घालायलाही रीइश्यू लागतो, पण तुमचं स्वतःचं नाव जसंच्या तसं राहतं.

२. फक्त आडनाव बदलायचं: सायली विजय कुलकर्णी.

३. मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलायचं: सायली अमित कुलकर्णी.

४. दोन्ही आडनावं लावायची: दिलेलं नाव सायली, आडनाव पाटील कुलकर्णी. इथे दोन्ही शब्द आडनावाच्या रकान्यातच गेले पाहिजेत. पाटील पहिल्या रकान्यात गेलं तर मशीनच्या लेखी ते आडनाव राहत नाही.

५. मधलं नाव काढून टाकायचं: सायली कुलकर्णी. परदेशातल्या फॉर्मना हे सोपं पडतं, पण भारतातल्या आधार, पॅनवर तीन शब्द असतील तर तेही बदलावं लागेल.

आपल्याकडे काही घरांत लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलतात, ताटातल्या तांदळात नवं नाव लिहितात. ते नाव पासपोर्टवर आणायचं असेल तर त्याला लग्नानंतरचा साधा नावबदल समजत नाहीत. ओळखच बदलल्यासारखं असल्याने त्याची कागदपत्रं वेगळी आणि जास्त असतात. घरात हाक मारायचं नाव घरातच ठेवावं, असं माझं मत.

आणि नाव बदललंच पाहिजे असा कोणताही नियम नाही. लग्नानंतर महिलांना पासपोर्टवरचं नाव बदलण्याची गरज नाही, हे एप्रिल २०१७ मध्ये खुद्द पंतप्रधानांनीही जाहीरपणे सांगितलं होतं. मी तिसरा पर्याय घेतला, कारण माझं आधार आणि बँक खातं आधीच त्या नावावर झालं होतं. माझ्या जावेने पहिला घेतला, कारण तिची डिग्री, शोधनिबंध आणि नोकरी सगळं माहेरच्या नावावर आहे. दोघींचं व्यवस्थित चाललं आहे. सासूबाईंनी विचारलं, तर पासपोर्टच्या नोंदीत जोडीदाराचं नाव आहे हे दाखवता येतं!

जुन्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे?

काही जुन्या पासपोर्टांवर पूर्ण नाव एकाच रकान्यात असतं आणि आडनावाच्या पुढे काहीच नसतं. अशा वेळी अमेरिकेच्या व्हिसावर सगळं नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापतात. म्हणजे ‘पहिलं नाव माहीत नाही’. मग लायसन्सपासून पगाराच्या चेकपर्यंत लोक तुम्हाला ‘फ्नू’ म्हणून ओळखतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीनेही पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटक व व्हिजिट व्हिसावर प्रवेश देणं थांबवलं. नावबदलाच्या निमित्ताने हा रकाना नीट भरून घ्या.

स्पेलिंग: इथेच सगळ्यात जास्त सांभाळा

भारतीय पासपोर्टवर नाव फक्त इंग्रजी अक्षरांत छापतात. मराठी आडनावांची पंचाईत इथेच होते. सावंत डब्ल्यू घालून लिहायचं की व्ही? वाघमारेचं तेच. जोशीच्या शेवटी आय की दोन ई? काळे आणि काले इंग्रजीत एकच होतात.

व्याकरणाने बरोबर काय, हा प्रश्न इथे नाही. नवऱ्याच्या पासपोर्टवर जे छापलंय ते अक्षरन् अक्षर बघून लिहा. लग्नाच्या प्रमाणपत्रावर त्याच्या आडनावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या. फॉर्म भरताना पासपोर्ट समोर ठेवा, आठवणीने टाईप करू नका. शेवटी सबमिट करण्याआधी दुसऱ्या कुणालातरी मोठ्याने एकेक अक्षर वाचायला लावा. मशीनकडे तपासणी अंक नाही, तेव्हा आपणच तपासायचं.

कधी करायचं? ही वेळ चुकू देऊ नका

पासपोर्टची मुदत संपायच्या साधारण वर्षभर आधी अर्ज करता येतो. बऱ्याच देशांत प्रवेशासाठी किमान ६ महिने मुदत शिल्लक लागते, त्यामुळे शेवटच्या ६ महिन्यांची वाट बघू नका.

अमेरिकेत अजून एक गोष्ट आहे आणि ती गंभीर आहे. विमानतळावर उतरल्यावर आय-९४ नावाची नोंद तयार होते. देशात कधीपर्यंत राहता येईल ती तारीख या नोंदीत असते. पासपोर्टची मुदत कमी उरली असेल तर अनेकदा ही तारीख पासपोर्टच्या मुदतीपर्यंतच देतात. नवऱ्याचं मंजुरीपत्र पुढच्या दोन वर्षांचं असलं तरी! ही तारीख कुठे छापून हातात देत नाहीत, वेबसाइटवर जाऊन बघावी लागते. नंतर नवा पासपोर्ट आला म्हणून ती आपोआप वाढत नाही. आणि ती उलटून गेली तर देशातलं राहणंच बेकायदा ठरू शकतं. म्हणून अमेरिकेत आल्यावर त्याच आठवड्यात आय-९४ उघडून तारीख बघा.

पुढच्या तीन परिस्थितींत नावबदल थोडा थांबवलेला बरा:

- भारताचं तिकीट काढलेलं आहे. अर्जासोबत मूळ पासपोर्ट द्यावा लागतो, तो तुमच्याकडे नसतो.
- व्हिसा वाढवायचा अर्ज जुन्या नावाने चालू आहे. वकिलाला विचारल्याशिवाय मध्येच नाव बदलू नका.
- परदेशात परीक्षा आहे आणि हॉल तिकीट जुन्या पासपोर्टच्या नावाने निघालं आहे.

अर्ज कसा करायचा?

पायरी १: तुमचं राज्य कोणत्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे येतं ते बघा. न्यू जर्सी न्यूयॉर्ककडे येतं. दुसरीकडे पाठवलेला अर्ज परत येतो.

पायरी २: परदेशातल्या भारतीयांसाठी असलेल्या सरकारी पासपोर्ट सेवा पोर्टलवर खातं उघडा. रीइश्यू निवडा. कारण विचारतात तिथे मुदत संपणं आणि वैयक्तिक माहितीत बदल, ही दोन्ही कारणं द्या. बदलांच्या यादीत नाव आणि जोडीदाराचं नाव या दोन्हींवर खूण करा. पत्ता बदलला असेल तर तोही.

पायरी ३: कागदपत्रं जमवा. मूळ पासपोर्ट, त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पानांच्या प्रती, लग्नाचं प्रमाणपत्र, नवऱ्याच्या पासपोर्टची प्रत, इथल्या पत्त्याचा पुरावा, इथे कायदेशीर राहत असल्याचा पुरावा आणि सांगितलेल्या मापाचे फोटो. महाराष्ट्रात नोंदणी झाली असेल तर ‘नमुना ई’ म्हणतात तेच प्रमाणपत्र. लग्नपत्रिका आणि अल्बम चालत नाहीत.

पायरी ४: अमेरिकेत अर्ज स्वीकारायचं काम व्हीएफएस ग्लोबल ही कंपनी दूतावासाच्या वतीने करते. सरकारी फॉर्म छापून झाल्यावर त्यांच्या वेबसाइटवर फी भरायची आणि यादीप्रमाणे कागद लावून कुरिअरने पाठवायचे किंवा केंद्रात नेऊन द्यायचे. कोणत्या प्रती नोटरी करायच्या ते त्या दिवशीच्या यादीतच बघा, मैत्रिणीच्या मागच्या वर्षीच्या यादीवर जाऊ नका.

पायरी ५: भारतातल्या पत्त्यावर पोलीस पडताळणी होऊ शकते. आई-बाबांना किंवा सासरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर दारात पोलीस बघून घरच्यांचा जीव खालीवर होतो!

लग्न अमेरिकेतच करत असाल तर एक वेगळी सूचना. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात लग्नानंतरचं नाव विवाह परवाना काढतानाच लिहावं लागतं, नंतर त्यात बदल करता येत नाही. म्हणजे नावाचा निर्णय हॉल बुक करायच्या वेळेलाच घ्यायला हवा.

नवा पासपोर्ट आला, आता पुढे काय?

पाकीट उघडल्यावर पहिलं काम: वरचं नाव आणि तळाच्या ओळीतलं नाव, दोन्ही अक्षर लावून वाचा. चूक दिसली तर त्याच दिवशी कळवा. एकदा का व्हिसा या नावावर निघाला की दुरुस्तीला दोन कार्यालयं लागतात.

जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून किंवा कोपरा कापून परत येतो. तो टाकू नका. त्यातला अमेरिकेचा व्हिसा मुदतीत आणि धड असेल तर नव्या पासपोर्टसोबत दाखवता येतो. पण नाव बदललं असेल तर नवा व्हिसा घ्यावा, अशी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची शिफारस आहे. तोपर्यंत प्रवास करायचाच असेल तर दोन्ही पासपोर्ट आणि लग्नाचं मूळ प्रमाणपत्र हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन केलेल्या बॅगेत नको.

विमानाचं तिकीट ज्या पासपोर्टवर प्रवास करणार त्यावरच्या नावानेच काढा. माझ्या ओळखीतल्या एकीचं तिकीट घरच्यांनी प्रेमाने सासरच्या नावाने काढलं, पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा. काउंटरवर लग्नाचा दाखला दाखवूनही उपयोग झाला नाही आणि ऐनवेळच्या दराने नवं तिकीट घ्यावं लागलं. तिकिटावर पहिलं आणि मधलं नाव चिकटून छापलं गेलं तर मात्र घाबरू नका, बऱ्याच बुकिंग यंत्रणा मधली जागा काढून टाकतात.

मग बाकीच्या नोंदी या क्रमाने बदला:

१. इथला राहण्याचा दर्जा. ग्रीन कार्ड असेल तर आय-९० फॉर्म. व्हिसावर असाल तर नव्या पासपोर्टवर आत आल्यावर आय-९४ मधलं नाव तपासा.
२. सोशल सिक्युरिटी कार्ड. नवं कार्ड मोफत मिळतं, क्रमांक तोच राहतो.
३. ड्रायव्हिंग लायसन्स.
४. बँक, नोकरी, विमा, घरभाड्याचा करार.
५. भारतात आधी आधार, मग पॅन, मग बँक. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे पासपोर्टवर छापून आलेलं नाव बघूनच तिथे अर्ज करा. पॅनचा क्रमांक बदलत नाही, फक्त नाव बदलतं. आधार आणि पॅनवरची नावं जुळली नाहीत तर ती एकमेकांना जोडताना अडचण येते.

दहावीचं सर्टिफिकेट, डिग्री, जुनी अनुभवपत्रं बदलायची गरज नाही. ती त्या वेळच्या नावावरच असणार. ती जोडायला लग्नाचं प्रमाणपत्र आणि जुना पासपोर्ट पुरतो.

थोडक्यात

नाव ठेवा किंवा बदला, निर्णय तुमचा. पण फॉर्म उघडण्याआधी एका कागदावर तुमचं नवं नाव इंग्रजीत लिहा. आडनावाच्या रकान्यात काय, दिलेल्या नावाच्या रकान्यात काय, अगदी स्पेलिंगसकट. तो कागद नवऱ्याच्या पासपोर्टशी आणि लग्नाच्या प्रमाणपत्राशी ताडून बघा. मग पुढची १० वर्षं प्रत्येक फॉर्ममध्ये तेच, तसंच लिहा.

फी, फोटोचं माप आणि कागदपत्रांची यादी अधूनमधून बदलते, म्हणून अर्जाच्या दिवशी अधिकृत वेबसाइट एकदा नक्की पाहा. आणि तुमची एखादी बहीण, वहिनी किंवा मैत्रीण लग्न करून परदेशी निघाली असेल, तर तिकीट काढण्याआधी हा लेख तिला जरूर पाठवा!